विहिरीसमोरची भिंत

संत लुचियाचा सण, १३३१

त्या सकाळी मी कणीक मळली, ओल्या फडक्याखाली झाकली, दुकानातल्या औषधांच्या बरण्या पुसल्या. त्यांच्यावरची नावं वाचतच मी अक्षरं शिकले. नेरी, माझा नवरा, मागच्या दाराने निघाला. लांदोला नगराची तहहयात सत्ता द्यायला भरसभेत तो एकटाच ‘नाही’ म्हणाला होता. मला म्हणाला, “पाव भाजून होईतो येतोच.”

वेशीपलीकडच्या दलदलीत तापाने गेला. माती कुठे दिली, कुणी सांगत नाही.

आणि लांदो आला तेव्हा चौकात ‘लांदो! लांदो!’ ओरडून नेरीनेच घसा बसवून घेतला होता! मध मीच चाटवला.

संत अंतोनियोचा सण

रिवाजाप्रमाणे फितुरांच्या भिंतीवर नेरीचंही चित्र आहे — एका पायाने उलटा टांगलेला. बिंदो चितारी आमच्याच दुकानातून रंग न्यायचा. डगल्यावरचा लाल नेरीनेच कुटलेला. भुवईवरचा वणसुद्धा सोडला नाही मेल्याने!

भिंतीकडे पाठ करून मी घागर भरायला वाकते. काखेखालून पाहिलं की तो सरळ उभा दिसतो.

तेस्सा शेजारीण ओरडते, “अगं घीता, एक घागर भरायला किती वेळ? विहीर आटेल!”

“गळकी आहे,” मी म्हणते.

मेणबत्त्यांचा सण

लांदो पडला. शिपायांनीच वेशीचं दार उघडलं. तोच चौक, तेच गळे — ‘मरो लांदो!’ प्रेत नदीत टाकलं म्हणे.

मी कोंबड्यांना दाणे घातले.

दुसरा दिवस

बिंदो आला. “घीतावहिनी, मधाचा पाव द्या! आज नेरीचा कलंक पुसतोय. पंचांचा हुकूम!”

“चेहरा राहू दे.”

“उलटा? वेड लागलं का? अहो, मान मिळालाय तुम्हाला!”

दुपारपर्यंत चुना फिरला. सगळ्यांनी माझे हात धरले. रडू आलं नाही.

रविवार

त्याच जागी आता लांदो उलटा. लाल तोच.

विहिरीवर एक म्हातारी, घागरीशिवाय. भिंतीकडे पाहत मान वाकडी करत होती. तेस्सा थुंकली — “फितुराची आई! ऊठ इथून!” मी पाणी भरलं आणि घरी आले.

सोमवार

दुसरी घागर घेऊन गेले. म्हातारीच्या हातात दिली. म्हटलं, “भिंतीकडे पाठ करा, बाई. आता वाका. काखेखालून बघा.”