हात कोणी मिटला?

प्रिय ठोंब्या,

जगासाठी तू मोठा संशोधक असशील, माझ्यासाठी अजून ठोंब्याच. अक्षर डाव्या हाताचं आहे, लावून लावून वाच. तुझे फोन मी उचलत नाही म्हणून तू माझ्या लेकीला विचारलंस म्हणे, "ताई रुसली का?" रुसले असते तर बरं झालं असतं रे. रुसवा काढता तरी येतो.

अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला, तेव्हा मी शिवणयंत्रावर चादर टाकली आणि दुकानाची किल्ली लेकीच्या हातात दिली. त्या दिवशी तू माझ्या पलंगाच्या कडेला बसून म्हणालास, "ताई, हात मेलेला नाही. मेंदूचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही, एवढंच. तो आम्ही पोचवू." कवटीखाली एक चकती बसवायची, ती मनातला इरादा टिपणार, संगणक तो ओळखणार आणि हातावर चढवलेली तारांची बाही स्नायूंना झटके देऊन बोटं हलवणार. जावई घाबरले होते. मीच त्यांना गप्प केलं. म्हटलं, माझा भाऊ आहे तिथे, परक्याच्या भरवशावर थोडीच डोकं उघडून घेतेय!

सुरुवातीला केवढी दमायचे मी. "मीट, मीट" म्हणत कपाळावर घाम यायचा, तेव्हा कुठे करंगळी हलायची. मग हळूहळू सोपं होत गेलं. मला वाटलं, सवय झाली. नात आली होती तो दिवस आठवतो ना? तिनं भीत भीत माझ्या तळहातावर बोट ठेवलं आणि माझी मूठ मिटली. "आजीनं धरलं!" म्हणून ती ओरडली. लेक रडली, मी रडले, तू तर खिडकीकडे तोंड करून उभा राहिलास. मला वाटलं, तूही रडतोयस.

मग ते पाहुणे आले, तुमच्या प्रयोगशाळेला पुढे चालवायचं की नाही हे ठरवणारे. मला खुर्चीत बसवलं, समोर कप ठेवला. तू म्हणालास, "ताई, उचल." आणि नेमकं माझं लक्ष त्यांच्यातल्या एकाच्या कोटाकडे गेलं. एवढा महागाचा कोट आणि कॉलर एका बाजूला ओढलेली! उसवून नीट करायला किती वेळ लागेल, याच विचारात मी होते. कपाचं मी साफ विसरले होते. आणि माझ्या हातानं कप उचलला.

टाळ्या वाजल्या. मी तुझ्याकडे पाहिलं. तुझं बोट संगणकाच्या बटणावर होतं.

घरी सोडताना गाडीत मी विचारलं, तर म्हणालास, "अगं, फक्त आजच. आज यंत्र नीट वाचत नव्हतं." मी मान डोलावली. पण पुढच्या खेपेला तू बाहेर गेल्यावर तारा लावणाऱ्या त्या मुलीला विचारलं. तिला खोटं बोलता येईना. खाली मान घालून म्हणाली, "मावशी, चकतीतून काही कळेनासं होऊन बरेच महिने झाले. सर म्हणतात, तुमचा धीर सुटायला नको."

माझा धीर! लहानपणी तुझा हात धरून मी तुला अक्षरं गिरवायला शिकवलं. आईनं "कोणी लिहिलं?" विचारलं, की मी "दोघांनी" म्हणायचे. तू एकट्यानं लिहिलंस असं मी कधी आईलाही सांगितलं नाही आणि तुलाही नाही. यंत्र हरलं असतं तर मी एकदा रडले असते आणि डाव्या हातानं कामाला लागले असते. आता मागचं एकेक आठवून बघते आणि कळत नाही, त्यातलं माझं कुठलं आणि तुझं कुठलं. नातीचं बोट मी धरलं, की तू? याचं उत्तर मला देऊ नकोस. तू काहीही सांगितलंस तरी आता माझा विश्वास बसणार नाही, आणि तेच सगळ्यात वाईट झालंय.

इतकं होऊनही मी गप्पच राहणार होते. घरचं भांडण घरात. पण काल एका बाईचा फोन आला. नवरा बस चालवायचा, आता त्याचे दोन्ही हात लुळे पडलेत. माझा नंबर तू दिलास म्हणाली. "तुमच्या भावानं सांगितलं, ताईंनाच विचारा. खरंच हात आपलं ऐकतो का हो? चार दिवसांनी त्यांचं डोकं उघडणार आहेत." ताई भावाला उघडं पाडणार नाही, या भरवशावर तू तिला माझ्याकडे पाठवलंस. मी तिला उद्या सकाळी या म्हटलंय. तिला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून सगळं सांगणार आहे, बटणासकट. ते तुला दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून लेकीच्या हाती हे पत्र आजच पाठवतेय. तू मला आधी सांगितलं नाहीस. मी तुला सांगतेय.

तुझीच, काही झालं तरी,
ताई