हाडानं धरलं तर

वडवणी,
४ मार्च १९९६

चि. सौ. शिवांजलीस आप्पांचे अ. आ. आम्ही सर्व बरे. वि. वि.

तुझी आई म्हणाली, खरं ते कळवा, दातांची डॉक्टर घरातच आहे. म्हणून लिहितो. मी आडतीवर बसणं सोडलं. आता तुझा बसवेशदादा बसतो.

झालं ते असं. आपल्या नेहमीच्या शेतकऱ्याची, बिभीषणची तूर आली. नेहमीप्रमाणे दाणा दाढेखाली धरला. कट् वाजलं. वाळलेली तूर अशीच वाजते; ओली चेपते. मी माल घ्यायला सांगितलं. आठवड्यात पोती आतून तापली, वास सुटला. तूर ओलीच होती. वाजली होती ती तू बसवून दिलेली कवळी.

बिभीषण भला माणूस. म्हणाला, आप्पा, मला बी वाटलंतं ओली हाय, पर तुमी चावून सांगितलं म्हणून गप बसलो. हे मनाला लागलं. माझी दाढ वाजली की देणारा आणि घेणारा दोघंही गप्प बसायचे. तेवढ्यावर इतकी वर्षं बाजार केला. आता मी दाणा उचलला की लोक दुसरीकडे बघतात. दादा ओलावा मोजायचं यंत्र आणतो म्हणतो. आणू दे. पण मी तिथं काय म्हणून बसू?

कवळीला दोष नाही. ती हाडापर्यंत पोचत नाही, एवढंच.

जावई सिद्धारामरावांना शरणार्थ सांग. माया आहेच, ती पत्रातून येत राहू दे.

तुझे आप्पा

औरंगाबाद,
१२ एप्रिल १९९६

ती. आप्पांस शिवांजलीचे शिवशरणार्थ. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मग यांना वाचून दाखवलं.

हाडापर्यंत पोचणारा दात असतो, आप्पा. टायटॅनियम नावाच्या धातूचा बारीक स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात आणि त्यावर दाढ चढवतात. शरीर परकं काही ठेवून घेत नाही. साधा काटा मोडला तरी पू करून बाहेर ढकलतं. या धातूला मात्र हाड धरून ठेवतं. स्वीडनमध्ये एका डॉक्टरांनी तो सशाच्या पायात घातला होता, दुसरंच काही बघायला. काम झाल्यावर काढायला गेले, तर निघेना.

परदेशातून येणाऱ्या अशा एका दाताला तुमची दहा क्विंटल तूर विकावी लागेल. मी तो स्क्रू यांच्या हातावर ठेवला. त्यांनी भिंगातून पाहिला आणि म्हणाले, आटे सुरेख आहेत, पण देवानं पाडलेले नाहीत. यांच्या शेडमध्ये स्कूटरचे भाग करतात त्याच लेथवर आता हे सुरू आहे. धातूची कांडी हैदराबादहून येते. पूर्वीसारखा परवाना लागत नाही. पहिल्याच दिवशी धातूचा कीस पेटला. पांढराशुभ्र उजेड. वाळू टाकायची सोडून आम्ही दोघं नुसते बघत राहिलो.

आमचे कॉलेजातले सर म्हणतात, आधी सशांवर, माणसाचं नंतर. आईला सशांचं सांगू नका. तब्येत जपा, आणि लेकीवर रागावू नका.

आपली शिवांजली

वडवणी,
२४ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. शिवांजलीस अ. आ. वि. वि.

सिद्धारामरावांचं कार्ड आलं. सशांच्या हाडानं आपला स्क्रू धरला. कार्ड आधी तुझ्या आईच्या हाती पडलं, त्यामुळे दिवसभर घरात अबोला. संध्याकाळी तिनं विचारलं, सशानंतर आता तुमी का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, सशांना निदान अक्कल नव्हती.

कार्डात आणखी एक गोष्ट आहे, ती तू कळवली नाहीस. सरांनी पहिली माणसं निवडली, त्यांत मी बसत होतो. तू माझं नाव काढलंस. हाडानं नाही धरलं तर जबडा बिघडेल, ही तुझी भीती. भीती खरी आहे. पण दुसऱ्याच्या बापाला ज्या खुर्चीत बसवणार, तिथं आपला नको, हा कुठला व्यापार? घरी खात नाही तो माल आपण विकत नाही.

नाव परत घाल. कमी बोललो असेन, पण जास्त मानून घे.

तुझे आप्पा

औरंगाबाद,
८ जून १९९७

ती. आप्पांस शि. सा. न. वि. वि.

काल खुर्चीत तुमचं तोंड बधिर होतं आणि माझं बंद. मग तुमची वडवणीची गाडी सुटली. म्हणून लिहिते.

जानेवारीत बसवलेला स्क्रू पाहायला काल हिरडी उघडली, तर स्क्रू दिसेना. वाटलं, गेला. मग लक्षात आलं. त्याच्यावरही हाड चढलं होतं. तुमच्या हाडानं त्याला नुसतं धरलं नव्हतं, झाकून घेतलं होतं. ते हळूच खरवडलं, तेव्हा धातू चमकला. आरशाच्या दांड्यानं हलकेच ठोकलं. सैल असता तर बद्द वाजला असता. बारीक, स्वच्छ, लांब आवाज आला. सर पलीकडच्या खोलीतून उठून आले. त्यांनी स्वतः ठोकून पाहिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पत्र्याच्या शेडमध्ये, स्कूटरच्या नटांशेजारी तयार झालेला तो तुकडा. हाडानं त्याचं गाव विचारलं नाही.

यांना सांगितलं. जेवण तसंच टाकून ते शेडकडे गेले.

एक खरं सांगते. आपल्या दाताच्या मुळाशी जाणीव असते. या स्क्रूला ती नाही. दाढ चढली की भाकरी चावाल. दाणा कळेलच, असं मी म्हणू शकत नाही. तरी आशीर्वाद काढून घेऊ नका.

आपली शिवांजली

वडवणी,
२० ऑक्टोबर १९९७

चि. सौ. शिवांजली व चि. सिद्धारामराव यांस अ. आ. वि. वि.

तुझं खरं ठरलं होतं. दाढ चढल्यावर भाकरी चावली, शेंगा चावल्या, पण दाणा मुका. मी कुणाला बोललो नाही. रोज एक ओला, एक वाळलेला, असे दाणे घेऊन ओट्यावर बसायचो. तुझी आई म्हणायची, यापरीस शेळी बरी, दूध तरी देती.

पोळ्यानंतर कधीतरी कळायला लागलं. पूर्वी हिरडीत कळायचं. आता जबड्याच्या हाडावरून कानामागं येतं. ओला दाणा येतच नाही, वाळलेला येतो. कुठल्या वाटेनं, ते तू जाण. मी त्या दिवशी देवापुढं नुसता बसून राहिलो. काही मागायचं सुचलं नाही.

परवाच्या बाजारात बिभीषण उडीद घेऊन आला. मी दाणा चावला आणि म्हणालो, दोन उन्हं अजून दे. त्यानं पोत्याचं तोंड बांधलं आणि माल परत नेला. मी दादाला सरकायला सांगितलं आणि गादीवर बसलो.

आता लोक तोंडात बघायला येतात. किंमत विचारतात. परदेशी दहा क्विंटल तूर, आमच्या जावयाची दोन, असं मी ऐटीत सांगतो. काल शिरूर कासारची भिवराबाई आली, ऊसतोडीला जाणारी. समोरचे दात नाहीत. तिनं बोट घालून माझी दाढ ओढून पाहिली, अशी की मीच हललो, दाढ हलली नाही. मग म्हणाली, लईच धरलंय की हाडानं. मी तिलाही दोन क्विंटल सांगितली. ती म्हणाली, आप्पा, आमाला शेतच न्हाई, तूर कुठली? ऊस किती टन तोडावा लागंल, ते सांगा.

मी मनात हिशोब केला: एका दाताला महिनाभराची तोड. तिला सांगवला नाही.

दिवाळी झाली की तिची टोळी निघेल. चैत्रात परत येते आणि पहिली माझ्या दुकानी येणार म्हणाली. सिद्धारामराव, आपलं काम दोन क्विंटलवर थांबून चालायचं नाही, एवढंच कळवतो. उभयतांवर माया होतीच. आता थोडा दराराही वाटतो.

तुमचे आप्पा