मावशीचं वेल्श
चुबुत नदीकाठ, पाटागोनिया
जुलै १८६८

माझ्या आईला लोवरीचा समुद्रापलीकडून नमस्कार.

आम्ही खुशाल आहोत. गहू यंदा जरा कमी आला, पण तू काळजी करू नकोस, तुझा जावई एमिर शिकारीला जातो. तुझा खोकला कसा आहे? तिकडे आता उन्हाळा असेल ना? इथे मात्र कडाक्याची थंडी आहे.

इथल्या मूळच्या लोकांतली एक म्हातारी अधूनमधून येते. तिचं नाव मला उच्चारता येत नाही, म्हणून मी मावशी म्हणते. परवा ती खांद्यावर शिकारीची तंगडी घेऊन दारात उभी राहिली आणि चक्क आपल्या वेल्शमध्ये म्हणाली, "पोरी, पाव आहे का गं?"

"एकच उरलाय," एमिर पुटपुटला. तरी मी अर्धा कापून दिला.

तिने अख्खी तंगडी माझ्यापुढे टाकली. "खा! किती वाळलीस!"

एमिर हसला. "ही तर थेट तुझ्या आईसारखी रागावते."

मी मात्र रडले गं. हीच भाषा बोलला म्हणून इंग्रजी शाळेत आपल्या ग्विलिमच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवून छड्या मारायचे, आणि त्याच्या वळांना तू लोणी लावायचीस. ही भाषा जगावी म्हणून आम्ही इतक्या दूर आलो. मावशीच्याच भूमीवर घर बांधलं, आणि तिच्या भाषेतला एक शब्दही मी शिकले नाही.

डोळे पुसून मी मांसाकडे बोट दाखवलं. "तुमच्यात याला काय म्हणतात?"

तिने सांगितलं. मी तीनदा चुकले. मावशी पोट धरून हसली, आणि चौथ्यांदा सावकाश सांगू लागली.

ग्विलिमला हे वाचून दाखव.

तुझीच,
लोवरी