सामानापाशी कोण थांबणार?

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांग घालायला इथे लांबरुंद, पुसून लख्ख केलेली जमीन आहे, पण मी एकदा आडवा झालो की उठवायला दोन माणसं लागतात आणि ती दोन्ही सध्या बाहेर गेली आहेत (ते पुढे येतंच). तेव्हा हा नमस्कार बसल्या जागेवरूनच गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांना पाणी घालतेस ना? घालत नसशील तर निदान वहिनींना कळवू नकोस, त्यांच्या डोक्याला सध्या पुष्कळ ताप आहेत.

आधी एक तक्रार नोंदवतो, कारण ती केल्याशिवाय पुढचं काही सुचणार नाही. विमानतळावरच्या खुर्च्यांना हात असतात. दोन खुर्च्यांच्या मधोमध, लोखंडाचे, न हलणारे. थकलेल्या माणसाने आडवं होऊ नये एवढ्या एका हेतूने कुणीतरी शिकलासवरलेला मनुष्य टेबलाशी बसून हे काढत असणार, त्याबद्दल त्याला पगार मिळत असणार, आणि संध्याकाळी घरी जाऊन तो स्वतः पलंगावर ऐसपैस पसरत असणार. मी तिरका झालो, तर एक हात बरगडीत घुसला. कुशीवर झालो, तर दुसरा पाठीत. शेवटी हातांच्या खालून पाय सरकवून झोपायचा प्रयत्न केला, तर पाय अडकला. फरशी पुसणाऱ्या बाईंनी बादली बाजूला ठेवून तो सोडवला आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. काही बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता तू म्हणशील, उद्या घरी येणार, तर पत्र कशाला? आणि तेही कागदावर लिहून, फोटो काढून फोनवर? तर फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही. आत्ता तू झोपलेली असणार, आणि एरवी दादाचे कान फार तिखट झाले आहेत. परवा पुतण्याकडे मी स्वयंपाकघरात दार लावून कुजबुजलो, तर हा बाहेरच्या खोलीतून म्हणतो, "धाकट्या, तिला सांग, रडायचं असेल तर मी घरी पोचायच्या आधी रडून घे." म्हणून मी तुला तेव्हा "डोळे ठीक आहेत, नुसता नंबर बदललाय" असं सांगून फोन ठेवला. ते खोटं होतं. डॉक्टर म्हणाले ते असं की, गेलेली नजर परत येणार नाही आणि राहिलेली किती दिवस राखता येईल ते आम्ही सांगू शकत नाही, तेव्हा जे काही बघायचं असेल ते यंदा बघून घ्या. दादा एखाद्या नळीतून बघावं तसं बघतो. समोरचं थोडं दिसतं, कडेचं गेलं. डॉक्टर बोलत होते तेव्हा पुतण्या खिडकीबाहेर बघत होता, वहिनी पर्सची चेन उघडबंद करत होत्या आणि मी भिंतीवरचं डोळ्याचं चित्र अभ्यासत होतो, जणू पेपर मलाच द्यायचा आहे. दादा तेवढा डॉक्टरांकडे बघत होता. म्हणाला, "म्हणजे आमच्या घराण्याच्या इस्टेटीसारखंच म्हणायचं." डॉक्टरांना कळलं नाही. आम्हाला कळलं, पण हसायला कुणी तयार नव्हतं.

परतीची तिकिटं मी काढली (हे सांगायची गरज नव्हती, पुढचं वाचून तुझ्या लक्षात आलंच असतं). दोन निरनिराळ्या विमानांची, एकमेकांची ओळख नसलेली. त्यामुळे मधल्या या गावात रात्रभर मुक्काम आणि सगळं सामान आपल्या उरावर. संध्याकाळी उतरलो, तर चौकशीच्या खिडकीतल्या बाईंनी हसून एक रंगीत पत्रक हातात ठेवलं. गावात जायची परवानगी इथल्या इथे मिळते, बस रात्रभर चालू असते, आणि सकाळच्या विमानाआधी आरामात परत येता येतं. पत्रकावर पहिलाच फोटो एका जुन्या दगडी पुलाचा. नदीवरचा, कमानींचा.

आणि ताई, आपला दादा म्हणजे उभा जन्म कचेरीत पुलांचे नकाशे काढलेला माणूस. नदी एका रेघेत, पूल दुसऱ्या रेघेत, आणि साहेबाची सही तिसऱ्या रेघेत. त्याने आखलेल्या पुलांवरून किती वराती गेल्या असतील, पण साइटवर जायचा भत्ता इंजिनियरला मिळायचा, नकाशेवाल्याला नाही. मी तो फोटो त्याच्या नळीसमोर धरला. त्याने पत्रक नाकाशी नेलं, तिरकं केलं, लांब धरलं, आणि मग विचारलं, "सामानाचं काय?"

झालं. आपल्या घरातली समस्त चर्चा या प्रश्नापाशी येऊन संपते, हे तुला मी काय सांगू. बाबांची वळकटी कुठल्याशा स्टेशनवर चोरीला गेली, तेव्हा आपण दोघं जन्मलोही नव्हतो, पण त्या वळकटीने आपल्या घराण्याला जो कायदा दिला तो आजतागायत चालू आहे: सामान एकटं सोडायचं नाही, एकाने सामानापाशी थांबायचं. आणि तो एक म्हणजे थोरला. आपण धबधबा बघून आलो, दादा ट्रंकेवर. आपण दीपगृह चढलो, दादा होल्डॉलवर. लेण्यांच्या वेळी तर पायऱ्या चढून दमलेल्या तुला परत आल्यावर त्यानेच पाणी दिलं होतं आणि विचारलं होतं, "आत अंधार होता का गं?" घरातल्या एकाही सहलीच्या फोटोत तो नाही. भाऊजी लग्नाआधी आपल्याकडे आले आणि आल्बम चाळून त्यांनी मला हळूच विचारलं होतं, "थोरले बंधू मधली काही वर्षं घर सोडून गेले होते का?"

तर चर्चा सुरू झाली. मी विरुद्ध बाजूने बोललो, कारण एका बाजूने कुणीतरी बोलायला हवं आणि मला तीच बाजू येते. म्हटलं, रात्री परकं गाव बघायला जाणं म्हणजे लोक झोपल्यावर त्यांच्या बंद दाराची कडी बघून येण्यासारखं आहे. म्हटलं, बस चुकली तर? विमान चुकलं तर? पाय मुरगळला तर? मी असे "तर" एकावर एक रचत गेलो. दादा मान डोलवत होता. "पूल डोळ्यांनी बघितला काय अन् नाही काय," म्हणाला, "कागदावर सगळा असतोच की." मी खाली बघितलं, तर वहिनींनी चपला बॅगेत टाकून चालायचे बूट घातलेले होते.

मग सामानघर शोधलं. असतं तसं इथे: सामान ठेवा, चिठ्ठी घ्या, सुखाने फिरा. तिथला गडी भला होता. चार बॅगा त्याने खुशीत आत घेतल्या आणि पाचव्या नगाशी येऊन अडला. पाचवा नग म्हणजे पुतण्याने बापाला दिलेला भिंगाचा दिवा. वाचायला म्हणून टेबलाला लावायचा, ताटाएवढं भिंग, वर लवचीक मान, आणि खोक्यात न मावल्यामुळे चादरीत गुंडाळलेला, अगदी कुणी तान्हं मूल घेऊन चाललंय असा. "काच आहे, काच ठेवत नाही," गडी म्हणाला. "तडा गेला की आमच्यावर येतं." झालं. दादाने लगेच चारही बॅगा परत मागून घेतल्या. एकासाठी थांबायचं, तर पाचांसाठी थांबलेलं काय वाईट, हा त्याचा हिशेब. खरं सांगू? त्याचा चेहरा सुटल्यासारखा दिसला. जन्मभराची नोकरी परत मिळाली.

आम्ही परत खुर्च्यांकडे निघालो (त्याच, हातवाल्या). वाटेत भिंतीवर एक भलंमोठं चित्र होतं, आतून दिवे लावलेलं. दादा त्यापुढे थांबला. मान इकडून तिकडे फिरवत, तुकड्यातुकड्याने बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हाच ना तो पूल? सुरेख आहे. कमानींचा मेळ काय साधलाय! मधल्या दोन जरा रुंद घेतल्यात, पण पाण्याचा जोर तिथेच असणार." आणि वहिनींकडे वळून, "बघ, झाला बघून. बाहेर जायची गरजच नाही."

ताई, ती दंतवैद्याची जाहिरात होती. एका बाईचं हसू, भिंतभर.

मला हसू आलं. तुला माहीत आहे, मला नको तिथे हसू येतं, त्यावरच माझं पोट चाललंय. ते मी रुमालात घातलं. रुमाल खाली घेतला तर वहिनी माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. नुसत्या बघत होत्या, आणि दादाला म्हणत होत्या, "हो, छान आहे." त्या बघण्याने माझे सगळे "तर" जागच्या जागी कोसळले.

मी म्हणालो, "तुम्ही दोघं जाऊन या. मी थांबतो सामानापाशी."

दादाने हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं असणार. आधी तो हसला. मग गंभीर झाला. "तुला जमायचं नाही," म्हणाला. मी म्हटलं, यात जमायचं काय आहे, बसायचंच तर आहे. "हेच!" तो म्हणाला. "सगळ्यांना वाटतं, बसायचंच आहे." आणि मग अर्धी बस चुकेपर्यंत त्याने मला चार्ज दिला. पट्टा घोट्याला अडकवायचा. पाठ भिंतीला. वाचायचं नाही. अदबीने बोलणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. मोठी बॅग खाली, दिवा मांडीवर. आणि मधूनमधून नग हाताने मोजायचे, नजरेवर राहायचं नाही. एवढं सांगून तो वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून गेला. दारापाशी वळून त्याने बघितलं. मी हात हलवला. त्याला तो दिसला नसणार.

तेव्हापासून इथे बसलोय, मांडीवर दिवा, दिव्यावर कागद. बाहेर बारीक धुकं उतरलंय. माणसं येतात, पाट्या बघतात, जातात. कुणी मला काही विचारत नाही. माझ्या बुद्धीची, विनोदाची इथे काडीचीही गरज नाही. सामानापाशी बसलेल्या माणसाकडे लोक सामानासारखंच बघतात, हे मला या वयात कळलं.

भाऊजींना नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना तेल. बाकी सर्व ठीक म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो.

तुझा,
धाकटा

ता. क. आले दोघं सुखरूप. पूल दुरुस्तीला काढलाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंची परांची आणि वर हिरवं कापड, कमान औषधालाही दिसत नाही. एवढा आटापिटा करून बघितलं काय, तर कापड. मी हळहळायला सुरुवात केली, तर दादा म्हणाला, "अरे, दुरुस्ती चालू आहे म्हणजे कुणीतरी लक्ष ठेवून आहे." पायी जायला एक बाजू उघडी होती. वहिनी सांगतात, त्याने त्यांचा हात सोडला, कठड्यावर हात ठेवला आणि एकटा पूल ओलांडून गेला. आणि आला. मध्ये एका जागी थांबून बोटाने दगडाचा सांधा चाचपला आणि म्हणाला, "आम्ही असाच काढायचो."

ता. क. २. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. आपल्या जिन्याला कठडा नाही. भाऊजींकडे ड्रिलमशीन आहे आणि त्यांना ते चालवायला निमित्त लागतं. आम्ही पोचायच्या आत, खालपासून वरपर्यंत, कुठे न तुटता. त्या पुलाचा कठडा हाताला अगदी बेताचा होता म्हणे. उंची वहिनींनी मोजून आणलीय, त्यांच्या कोपराएवढी. (वहिनी तुझ्याहून बोटभर उंच आहेत, तेव्हा आपलं कोपर लावून मोजू नकोस.) आणि दादाने विचारलं तर तुझ्या गुडघ्यांसाठी बसवला म्हणून सांग. आला की रडू नकोस. काय बघितलं ते विचार. तो सांगेल आणि बराच वेळ सांगेल.

ता. क. ३. झोपण्यापूर्वी त्याने विचारलं, "कंटाळलास?" म्हटलं, थोडा. म्हणाला, "मला आवडायचं. तुम्ही सगळे तिकडे गेलात की जरा शांत वाटायचं." खरं की मला बरं वाटावं म्हणून, देव जाणे. त्याचं खोटंही नकाशासारखं असतं, कुठे खाडाखोड दिसत नाही. मग दिवे मंद केले होते तरी सवयीने त्याने हात पसरून नग मोजले. मोठी बॅग, दुसरी, तिसरी, चौथी, दिवा. आणि सहावा. सहाव्यावर हात थांबला. "सहा कसे?" म्हणाला.

तो माझा गुडघा होता.

मी म्हटलं, "बरोबर आहेत. झोप तू. मी आहे."