बाईची नऊ अंडी

रोहिणखेड, ता. १८ जानेवारी २०२५

ती. सत्यभामाबाई यांना चांगुणाचा पाया पडून नमस्कार.

त्या सकाळी मी चूल पेटवली, गोठा झाडला, शेणाचं टोपलं उकिरड्यावर टाकून आले, तेव्हा तुमचे भाऊ काबऱ्या कोंबडीपुढे उकिडवे बसून तिला ज्वारी दाखवत होते. ती खुडूक झालेली, आदल्याच संध्याकाळी त्यांनी तिला अंड्यांवर बसवलेली. ती उठेना. मला म्हणाले, तुले पाहून राह्यली ते, तू दूर हो. मी दूर झाले. मग चहा प्यायले, मफलर गुंडाळला आणि आठला वीज येते म्हणून गव्हाला पाणी द्यायला गेले. बांधाला टेकून बसलेले सापडले, ते तुम्हाला माहीत आहे.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून लिहिते. मी बरी आहे. रडू येत नाही. स्वयंपाक दोघांचा होतो, उरलेला गाईला घालते.

मानमोडीच्या रोगानं तुमच्या सगळ्या कोंबड्या गेल्या, तेव्हा तुम्हीच दिलेल्या काबरीची पिल्लं तुम्हाला परत द्यायची असं त्यांनी ठरवलं होतं. मागे मी तिचं एक अंडं तळून टाकलं, म्हणून या नऊही अंड्यांवर त्यांनी शिसपेन्सिलनं तारीख घातली आणि पुढे तुमच्या नावानं लिहिलं, ‘बाईचं’. अंडी बरी आहेत. टोपलीत कुटार जाड घातलं आहे, अंड्यांना बाधा नको म्हणून लोखंडी खिळाही ठेवला आहे. शेजारची गोजरबाई म्हणते, सुतकाच्या घरात कायचे पिल्लं निघतात.

माया आहे तशी राहू द्यावी.
चांगुणा


साखरखेर्डा, ता. २१ जानेवारी

चि. चांगुणास सत्यभामाचे आशीर्वाद.

वर सौ. लिहिलं होतं, ते खोडलं. हाताची सवय आहे, मनावर घेऊ नको.

गोजरबाईले सांग, सुतक माणसाले असते, कोंबडीले नाही. अन् एवढं सुतकाचं भेव होतं तर माझ्या जानरावच्या तेरवीत ते दोन पंगतींत कशी जेवली? मी डोळ्यानं पाह्यलं.

मी तिथं होती तवा तू घडीघडी त्या टोपलीपाशी जाऊन बसे. थंडीत भुईवर बसू नको. अन् खुडूक कोंबडीले छेडत जाऊ नको, तुले काय सांगावं. जानरावनं निरोप धाडला होता, बाई, फेब्रुवारीत पिल्लं घेऊन येतो. मी खुराडं झाडून त्याले चुना मारून ठेवला. आता तो काही येत नाही. पिल्लं तरी येतीन.

गव्हाले पाणी कोण देऊन राह्यलं?

दोन घास खात जा, एवढं माझं ऐक.
सत्यभामा


रोहिणखेड, ता. २४ जानेवारी

ती. बाईंना चांगुणाचा नमस्कार.

काल एकवीस दिवस भरले. एकही अंडं फुटलं नाही. गोजरबाई म्हणाली, सुतक भोवलं. मी हो म्हटलं असतं तर सुटले असते. पण अंडी मी खराब केली.

सव्वीस वर्षांत आम्ही कधी लांब राहिलो नाही, म्हणून त्यांनी मला कधी पत्र लिहिलं नाही. मी किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचायला शिकले, पण त्यांचं अक्षर वाचायचा प्रसंगच आला नाही. ते गेल्यावर घरभर शोधलं. सह्या सोडल्या तर कुठे काही नाही. फक्त अंड्यांवर. काबरी दाण्याला उतरली की मी एक अंडं उचलायची आणि खिडकीपाशी न्यायची. वीस डिसेंबर, त्या दिवशी तूर झोडपली. चोवीस डिसेंबर, त्यांनी गाईला नवा दोर केला. असं बसत असे. काबरी केव्हाच परत बसलेली असायची, आणि अंडं माझ्या हातात थंड. तेरवीच्या दिवशी तुम्ही अचानक आत आलात म्हणून एक पदराखाली लपवलं, ते संध्याकाळपर्यंत ओटीत तसंच राहिलं. फक्त एक जानेवारीचं, शेवटचं, मी कधी उचललं नाही. ते वाचवेना.

अंडी तुमची होती. तसं त्यांच्यावर लिहिलेलं होतं. मी तेच वाचत होते.

पुढे लिहायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.
चांगुणा


साखरखेर्डा, ता. २८ जानेवारी

चि. चांगुणास आशीर्वाद.

तुझं पत्र रात्रभर उशाखाली ठेवलं. राग आला. खोटं काऊन लिहू. पण लहानपणी त्याचं बोट धरून चुलीच्या राखेत ते अक्षर मीच गिरवून घेतलं होतं. मले बी त्यानं जन्मात एकच शब्द लिहिला, अन् तो तू एकटीच वाचत बसली. मले दाखवला असता तर मी काय हिसकून घेतला असता?

आता ते अंडे फेकू नको. सुईनं भोक पाडून उकिरड्यावर रिकामे कर. तोंडाले पदर बांध, लय वास येईन. टरफलं जपून ठेव.

माझे अंडे गेले ते गेले. त्याचा गहू गेला तर मात्र तुझ्याशी बोलीन नाही. मले ऐकू येत नाही, बोलता अजून चांगलं येते.

रागावली तरी तुझीच,
सत्यभामा


रोहिणखेड, ता. १ फेब्रुवारी

ती. बाईंना चांगुणाचा नमस्कार.

पंचवीस तारखेला दुपारी एक अंडं फुटलं. एक जानेवारीचं. पिल्लू काळं आहे, मानेवर पांढरा ठिपका. टरफलाचा काबरीनं चुरा केला, अक्षर उरलं नाही.

बाकीची आठ तुम्ही सांगितलं तशी रिकामी केली. एक माझ्या बोटांतच चिरडलं. सात धुतली, पेन्सिल गेली नाही. बिस्किटाच्या डब्यात कुटार घालून ठेवली आहेत. सगळी तुमची, पण तीन मी मागून घेते. पिल्लू आईवाचून जगणार नाही, म्हणून महिन्यानं काबरीसकट आणून देईन. खुराड्याचा चुना वाया जाणार नाही.

गव्हाला शेजारच्या पंजाबरावांनी एक पाणी दिलं होतं. मी अजून वावरात गेलेली नाही.

आपल्या शब्दाबाहेर नाही,
चांगुणा

ता. क. पत्र काल पेटीत टाकलं नाही. आज आठला वीज आली. गव्हाला पाणी दिलं.