वस्तादाची गदा आणि गुरुजींची गोळी

मुरगूड, १२ जानेवारी १९९८

चि. दीक्षास, आजोबांचा सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद.

गुऱ्हाळाच्या काहिलीत रस रटरटतोय, असा आवाज आज पहाटे कानात आला. लहानपणी त्याच तालावर मी कविता पाठ करायचो. आता गुऱ्हाळ गेलं, शाळेतली गुरुजीकी संपली, दातही गेले. कविता तेवढ्या शिल्लक आहेत.

संधिवाताच्या गोळ्या सहा महिने घेतल्या, गुडघे वळू लागले. पण तोंड असं वाटोळं झालं की तुझी आजी म्हणते, भाकरी फुगली. कवींनी मुखाला चंद्र म्हटलं खरं, पण माझी पौर्णिमा काही उतरेना. त्यात हंबीरराव वस्तादाला औषधाच्या दुकानात कळलं की ही गोळी स्टिरॉइड आहे. म्हणाला, असलं खाऊन कुस्ती मारणाऱ्याला आमच्या तालमीच्या मातीत पाय ठेवू देत न्हाईत. तू सोडस्तवर तुझा उंबरा चढणार न्हाय. साठ वर्षांची दोस्ती. तीन दिवसांपूर्वी गोळी बंद केली. जरा चक्कर येते, जेवण नको वाटतं, तेवढंच.

डॉक्टरकी शिकताना जेवायला विसरू नकोस. आठवण ठेव, म्हणजे झालं.

अण्णासो

कोल्हापूर, १४ जानेवारी

ती. आजोबांस, सविनय जय भीम. वि. वि.

टपालाला थांबायची ही वेळ नाही, म्हणून पत्र एस.टी.च्या कंडक्टरकडे देतेय. चक्कर म्हणजे 'तेवढंच' नव्हे. गोळी आत्ता घ्या आणि आजच डॉक्टरांकडे जा.

पैलवान चोरून घेतात ते स्टिरॉइड वेगळं, तुमचं वेगळं. भावकी तेवढी एक. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. रसाचा गूळ करावा तसं त्या कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल नावाचं स्टिरॉइड करतात, पहाटे सगळ्यांत जास्त. त्याच्या जोरावर माणूस उठतो, आजार सोसतो. काम झालं की यकृत ते मोडतं आणि ते लघवीवाटे जातं. तुम्ही त्याच जातीच्या गोळीनं बाहेरून तयार गूळ आणलात, म्हणून आतल्या गुळव्यानं चुलाण विझवून ताणून दिली. आता बाहेरचाही बंद केलात, घरात खडा नाही. त्याला हळूहळूच उठवावं लागतं. गोळी किती आणि कधी कमी करायची ते डॉक्टर सांगतील. मग आजी म्हणते ती तोंडाची भाकरीही बसेल.

वस्तादांनाही दोन ओळी धाडल्यात. जास्त बोलले असेन तर पोटात घाला, माया पातळ करू नका.

तुमची दीक्षा

मुरगूड, १४ जानेवारी, दुपार

चि. दीक्षास आशीर्वाद.

पत्र पोचलं. आजी पाणी घेऊन उभी आहे, गोळी माझ्या तळहातावर आहे. गिळली तर जीव राहील, पण दोस्त उंबऱ्याबाहेर राहील. या वयात दुसरा कुठून आणू?

थांब, दार वाजलं.

हंबीरराव आहे. मागे जीप, हातात तुझ्या दोन ओळी, खांद्यावर पन्नास सालच्या कुस्तीत जिंकलेली चांदीची गदा. म्हणतो, जल्मभर पहाटं उठून आपणबी अंगात स्टिरॉइडच करत हुतो, हे कुणी सांगितलं न्हाय की. तर ही गदा परत करायची का, ते आपल्या दीक्षाला विचार. आन् तू आधी गोळी गिळ, मग डॉक्टरकडं चल.

गिळली. जीपमधून निघतोच आहे. गदा आजीपाशी ठेवली आहे, पण तुझा निकाल येईस्तोवर गदेला हात लावणार न्हाय, असं हंबीरराव म्हणतो. तरी लवकर कळव.

अण्णासो