जुळलं तर कापू

३ मार्च, मंगळवार

काळं पडलंय. आईच्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही. आठवडाभर मोजा काढू देत नव्हती. "थंडी वाजते गं!" आज ओढूनच काढला. वास आला आणि मला सगळं कळलं. माझा जन्म गेलाय असले पाय बघण्यात. आमच्या वर्कशॉपमध्ये कृत्रिम पाय बनवून घ्यायला येणारे निम्मे लोक हीच गोष्ट सांगतात: आधी बोट काळं पडलं, मग आम्ही जरा थांबून बघितलं.

साखर सांभाळ, साखर सांभाळ — बोलून बोलून माझ्या तोंडाला फेस आला. ऐकेल तर ती आई कसली!

४ मार्च, बुधवार

दवाखान्यात भरती केलं. सर्जनबाई तरुण आहे आणि फटकळ. मला आवडली.

"गुडघ्याखालून काढावा लागेल. लवकर. विष वर चढलं तर मग पायाचा प्रश्नच उरणार नाही."

आई चष्मा पुसत होती. म्हणाली, "प्रभूला विचारून सांगते."

सर्जनबाईने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. काय सांगणार तिला? आमच्या घरची रीत! मोठं काही ठरवायचं असलं की दोघांनी वेगवेगळी प्रार्थना करायची. एकमेकांना अवाक्षर सांगायचं नाही. दोघांना एकच उत्तर मिळालं तर ती प्रभूची इच्छा. नाही जुळलं तर विषय बंद. बाबा होते तोवर आई आणि बाबा, आता आई आणि मी. राहतं घर असंच घेतलं. दादाला बाहेरदेशी असंच पाठवलं. माझं लग्न असंच मोडलं — आईला 'हो' मिळालं, बाबांना 'नको'. मुलगा चांगला होता. आता त्याला टक्कल पडलंय, ती गोष्ट वेगळी.

जाताना सर्जनबाईने आईच्या पोटरीवर निळ्या पेनाने एक रेघ ओढली. लाली या रेघेच्या वर गेली की मला लगेच बोलवा, म्हणाली.

५ मार्च, गुरुवार

सकाळी आई म्हणते, "माझं मिळालं."

"काय मिळालं?"

"ते सांगायचं नसतं. तू तुझं आण. जुळलं तर कापू."

भाजी आणायची असावी तसं! मी कामावर गेले.

कामात लक्ष नाही. एका बसड्रायव्हरच्या पायाचा साचा घेत होते. प्लास्टरची पट्टी इतकी आवळली की तो ओरडला, "बाई, उरलेला पण काढताय की काय!" आमचे मास्तर हसले, मग माझं तोंड बघून पुढे आले. पट्टी सोडवून पुन्हा गुंडाळायला स्वतः बसले. मी नुसतं भांडं धरून उभी.

दुपारी आईला सांगितलं, अगं, लोक चालतात, जिने चढतात, तो ड्रायव्हर पुन्हा बस चालवायचं म्हणतोय. मी स्वतः बनवीन तुझा पाय.

"पायाला कोण भितंय?" म्हणाली. आणि तोंड फिरवून पडून राहिली.

मी प्रार्थना केली. काही नाही.

६ मार्च, शुक्रवार

दादाचा फोन. "आवाज तर छान आहे की तिचा!" दुरून डोंगर साजरे! मी म्हटलं, आवाज पायातून येत नाही. तर म्हणे, "आईला समजावणं तुलाच जमतं." जमतं ते सगळं माझ्याच गळ्यात.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले होते. मीच बोलावलं, त्यांचं तरी ऐकेल म्हणून. ते म्हणाले, "बाई, डॉक्टरसुद्धा प्रभूनेच दिलेत."

आई म्हणाली, "दिलेत ना. म्हणून तर त्यालाच विचारलं, यांचं ऐकू का."

पाळकसाहेबांनी डोकं खाजवलं, प्रार्थना केली, चहा घेतला. बाहेर व्हरांड्यात मला हळूच म्हणाले, "तुम्ही शांत बसलात की ऐकू येईल."

"मी शांत बसले की तिचा पाय सडतो!"

फार जोरात बोलले. नर्स वळून बघायला लागली. पाळकसाहेब बिचारे खाली मान घालून गेले. त्यांची काय चूक? पण राग कुणावर तरी निघणारच. ज्याच्यावर काढायचा तो सापडत नाही.

उपास केला. नुसती चिडचिड वाढली.

७ मार्च, शनिवार

ताप चढला. लाली रेघेला टेकलीय.

पहाटेच मंडळीच्या प्रार्थनाघरात जाऊन बसले. पुढच्या बाकावर. म्हटलं, बोल. आता बोल. हो म्हण, एवढंच म्हण, मी पुन्हा काही मागणार नाही. झाडूवाली बाकांखालून झाडत होती. माझ्या पोटात गुरगुरलं. बस्, एवढंच ऐकू आलं.

आणि खरं सांगू? मला 'हो'च हवं होतं. दार करकरलं असतं तरी मी त्याला 'हो' समजले असते. पण तेवढंसुद्धा करकरलं नाही. 'नको' आलं असतं तर काय केलं असतं मी? ऐकलं असतं? छे! मग विचारायला कशाला आले होते? उत्तर घेऊन आले होते, नुसती वर सही हवी होती.

दुपारी

लाली रेघेच्या वर. सर्जनबाई धावत आली. आईच्या कानाशी वाकून म्हणाली, "आजी, उद्या सकाळी नाही केलं तर मी काही करू शकणार नाही."

आई माझ्याकडे बघत राहिली. ओठ सुकलेले. "तुझं आलं?"

आणि मी म्हटलं — "आलं आई. 'हो' म्हणाला."

एवढं सोपं होतं! आई बघत राहिली, बघत राहिली. मला वाटलं, आता विचारेल, कसं म्हणाला, कधी म्हणाला. काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते मनात. पण तिने डोळे मिटले. म्हणाली, "जुळलं."

अंगठा नको, पेन द्या म्हणाली. आणि सही केली.

मी बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले. जिला जन्मभर देवाशिवाय कुणाचं खरं वाटलं नाही, तिला मी देवाच्याच नावाने फसवलं. पण जुळलं! तिलाही 'हो'च होतं! म्हणजे मी खोटं बोलले तरी गोष्ट खरीच निघाली ना? निघाली ना?

८ मार्च, रविवार

आत नेलंय. प्रार्थना करायला तोंड नाही मला. तरी केली.

९ मार्च, सोमवार

वाचली! ताप उतरला.

पट्टी बदलताना बघितलं. सर्जनबाईचा हात चांगला. गुडघा शाबूत, खाली लांबीही बरी मिळालीय. कृत्रिम पाय नीट बसेल. आई म्हणाली, "बघतेस काय गिऱ्हाईकासारखी? हलका बनव. आणि बनवलास म्हणून चार लोकांत मिरवू नकोस."

हसले. किती दिवसांनी!

११ मार्च, बुधवार

मंडळीतल्या बायका येऊन गेल्या. म्हणे, दोघींनी वेगवेगळं विचारलं आणि एकच उत्तर, काय साक्ष आहे! रविवारी सगळ्यांसमोर सांगा म्हणून माझ्या मागे लागल्या. आई नुसती उशीची शिवण चाचपत होती.

मी उभी राहून सांगू? पुन्हा तेच खोटं, आणि या वेळी माईकवर?

१२ मार्च, गुरुवार

सांगून टाकलं. आई सूप पीत होती. म्हटलं, आई, मला काहीच मिळालं नव्हतं. मी खोटं बोलले.

"ठाऊक आहे," म्हणाली. "देव बोलला की माणूस आधी घाबरतं. तू नुसती घाईत होतीस."

"मग 'जुळलं' का म्हणालीस?"

"नव्हतंच जुळलं. मला 'नको' मिळालं होतं. प्रभू म्हणाला, पुरे आता, ये माझ्याकडे. मी त्याला म्हटलं, जरा थांब. पोरीचा शब्द खाली पडायला नको."

मग वाटी माझ्यापुढे केली. अजून हवं होतं तिला.